राजाच्या मानेवरचा ठसा

माझा भाऊ मर्विन पास्को खाणीतून निवृत्त झाला आणि गावाचा नाणेपारखी होऊन बसला. दर रविवारी कुणीतरी आजोबांच्या जुन्या नाण्यांनी भरलेला बिस्किटांचा डबा घेऊन व्हरांड्यात हजर. जुन्या पेनीवर वेगळी खूण दिसली की लोकांना वाटतं, नशीब उघडलं. मर्व भिंग लावून सांगतो, ही पोरांनी रुळावर ठेवून चपटी केली, हे कुणीतरी साखळीत ओवायला भोक पाडलं. तोंडं पडतात, चहा मात्र माझा संपतो. लोकांची आशा मोडून कंटाळलो, असं तो रोज म्हणतो. तरी भिंग सुटत नाही. जित्याची खोड.

हा नाद बाबांमुळे. अल्फ पास्को टू-अपच्या जुगाराचं रिंगण चालवायचे. फळीवरून दोन पेन्या उडवायच्या, दोन्हींवर राजाची बाजू वर आली की उडवणारा जिंकला, आणि त्यातला वाटा बाबांचा. कुणी नाणी बदलू नयेत म्हणून बाबा प्रत्येक पेनीवर, राजाच्या मानेवर, छोटा त्रिकोणी ठसा मारत. ठशाचा एक कोपरा तुटलेला होता, आणि तो ठसा त्यांच्या किल्ल्यांच्या जुडग्यातून कधी सुटला नाही. अजूनही अँझॅक डेला, सैनिकांच्या स्मरणदिनी, गाव बाबांच्याच पेन्या उडवतं. सचोटीचा माणूस म्हणून.

मार्चात नेरिडा ट्रेम्बाथ आली. आडनाव ऐकूनच मी किटली आदळली. तिचा बाप वॉली, बाबांच्या रिंगणात दोन्हीकडे राजा असलेली पेनी उडवताना पकडला गेलेला. त्यानं मार खाल्ला, काम गेलं, बायकोपोरीला घेऊन गाव सोडलं. नाणं मला रिंगणातूनच दिलं, असं तो मरेपर्यंत सांगत राहिला. लोकांनी ते त्याच्या तोंडावर फेकलं होतं. त्यानं ते जपून ठेवलं. आपला बाप खोटारडा होता का, एवढंच तिला विचारायचं होतं.

मर्वनं भिंग धरलं, पुसलं, पुन्हा धरलं. मीही वाकून पाहिलं. मानेवर त्रिकोण, कोपरा तुटका. मी टेबलाखाली त्याच्या पायावर पाय दाबला. तो उठला, खणातून बाबांचा ठसा आणून खुणेवर टेकवला. चपखल बसला.

"वॉली खरं बोलत होता, पोरी," मर्व म्हणाला. "नाणं माझ्या बापाचं."

तिनं नाणं मर्वपुढे सरकवलं. मग म्हणाली, "मला इथं सांगून काय उपयोग? त्यांना रिंगणात, सगळ्यांसमोर चोर म्हटलं होतं."

ती गेल्यावर मी मर्वला फाडून खाल्लं. मेलेल्या बापाचं नाक कापणार का तू, म्हटलं.

"थकलोय गं, एडना," तो म्हणाला. "आता मला बाबांचं नाव सांभाळायचं नाही."

अँझॅक डेला मी जाणारच नव्हते. पण कठड्याला धरून एकेक पायरी उतरणारा म्हातारा मर्व बघवेना. टोपी घालून मी त्याचा हात धरला. रिंगणाशी लोक खोळंबले होते, पेन्या आमच्याच हातून मिळायच्या होत्या. नेरिडा कडेला उभी होती. मर्वनं वॉलीची पेनी दोन्हीकडून दाखवली.

"ही अल्फ पास्कोची," तो म्हणाला. आवाज पुढे पोचलाच नाही. मागचे लोक काय, काय, करू लागले.

मग मीच ते मोठ्यानं पुन्हा म्हणाले.