खासगी पत्रावर ‘पाहिले’ अशी सही

ते प्रकरण माझ्या डोक्यातून जात नाही, आणि जाऊही नये. पोलीस अधिकारी आठवणी लिहायला बसले की आरोपी किती शिताफीनं पकडला ते लिहितात. मी एका निर्दोष बाईला कसं पकडलं ते लिहितो आहे. खात्यातून मी बाहेर पडलो तो वय झालं म्हणून नव्हे. ऐन उमेदीत राजीनामा दिला. आता पत्रकं छापतो, गावोगाव सभा घेतो. या लेखात कोणाचंही नाव नाही. नाव घेतलं की लोक त्या एका माणसाला शिव्या देऊन मोकळे होतात आणि पद्धत तशीच चालू राहते.

शतक बदलत होतं तेव्हाची गोष्ट. सालेकश्याच्या जंगलपट्टीत मी फौजदार होतो. नागपूरची एक धर्मादाय संस्था आमच्याकडे सिकलसेलची तपासणी करायची. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, आईबापांकडून पोरांत येतो, तो आजार. संस्थेचं मुख्य कार्यालय नागपूरला, जिल्हा कार्यालय गोंदियाला आणि खाली गावांत लहान केंद्रं. आमच्या भागातल्या केंद्रावर तंत्रज्ञ म्हणून एक बाई होती, तिशीची, इथलीच. काचेवर रक्ताचा थेंब घ्यायचा, औषध टाकायचं, मायक्रोस्कोपखाली बघायचं, नोंद करायची, हे तिचं काम.

एके दिवशी सकाळी संस्थेचा गोंदियाचा प्रकल्प अधिकारी ठाण्यात आला. इस्त्रीचे कपडे, खिशाला दोन पेनं. केंद्रातला मायक्रोस्कोप गायब आहे आणि तंत्रज्ञ बाईवर संशय आहे, अशी लेखी फिर्याद त्यानं दिली. ठाणे अंमलदारानं गुन्हा नोंदवला. दुपारी ठाण्यात फोन वाजला. नाव न सांगता एक माणूस बोलला, “तिच्या घरी ढोलीत बघा. धानाखाली, पोत्यात गुंडाळून आहे.” फोन बंद.

ढोली म्हणजे बांबूची विणलेली, शेणामातीनं सारवलेली धानाची मोठी कणगी. दोन पंच घेतले, जीप काढली. तिच्या नवऱ्यानं ढोलीत हात घातला, कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत, आणि पोत्यातली पेटी वर आली. तो बिचारा बायकोकडे बघतच राहिला. अख्खं गाव कुडापाशी उभं होतं. पंचनामा झाला, मुद्देमाल जप्त झाला आणि मी त्या बाईला सगळ्यांच्या देखत जीपमध्ये बसवलं.

बाईमाणसाला ठाण्यात बोलवायचं नसतं, तिचा जबाब घरी जाऊन घ्यायचा असतो. हा कायदा मला पाठ होता. तरी मी तिला चार तास ठाण्याच्या बाकड्यावर बसवलं. त्या चार तासांबद्दल मला कोणीही जाब विचारला नाही. म्हणून इथे मीच लिहून ठेवतो.

“मायक्रोस्कोप घरी का नेला?”

“केंद्रातून उचलून नेणार होते म्हणून.”

“कोण?”

“ज्यानं तुमाले तक्रार देल्ली तोच.”

आमचे हवालदार निवृत्तीला आलेले, याच मातीतले. ते मधे बोलले, “साहेबाले उलटं बोलून राहिली का वो?”

“उलटं नाई बोलून राहिलो. जसं झालं तसं सांगून राहिलो.”

इकडच्या बायका स्वतःबद्दलही ‘राहिलो’, ‘सांगतो’ असंच बोलतात. तिचं म्हणणं असं. मागच्या शिबिरात पोरांच्या रक्ताची तपासणी झालीच नव्हती. नुसती बोटं टोचली, काचा फेकून दिल्या आणि सगळ्यांच्या कार्डावर ‘निर्दोष’ लिहून दिलं, कारण नागपूरला आकडे वेळेत पाठवायचे होते. त्यातलं एक पोर अंगदुखीनं तळमळत तिच्याकडे आलं. तिनं त्याचं रक्त पाहिलं, मग शेजारच्या पोरांचं पाहिलं. कार्डावर निर्दोष असलेल्या सात पोरांच्या रक्तात तिला विळे दिसले. तिनं अधिकाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, मायक्रोस्कोप दुरुस्तीला पाठवायचा आहे, गाडी येईल. गाडी यायच्या आधी तिनं तो घरी नेला.

मी काय केलं? हसलो. चोर पकडला की त्याच्याकडे गोष्ट तयारच असते, हे आम्हाला प्रशिक्षणातच शिकवतात. गोष्ट खरी असू शकते हे शिकवत नाहीत. तिला घरी सोडलं, उद्या हजर राहा म्हटलं. अटकेचे कागद मी संध्याकाळीच तयार करून ठेवले. एकदा अटक झाली की तिची नोकरी गेली, आणि चोर ठरलेल्या बाईनं सांगितलेल्या सात पोरांचं रक्त पुन्हा कोण तपासणार? हे मला कळत नव्हतं असं नाही. मला त्याचं काही वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदार चहा घेता घेता म्हणाले, “साहेब, एक विचारू का? चोरीची खबर देणारा म्हणते, घरात असंल, पाहून घ्या. हा म्हणे ढोलीत, धानाखाली, पोत्यात. एवढं तं तिच्या नवऱ्याले बी माहीत नव्हतं. कायले खोटं बोलू, म्या त्याचं तोंड पाह्यलं.”

अटकेचा कागद मी बाजूला ठेवला आणि तिच्या घरी गेलो. या वेळी पायी.

“ढोलीत ठेवल्याचं कोणाला सांगितलं होतं?”

“कोणालेच नाई.”

“नीट आठव.”

“नागपूरच्या मोठ्या ऑफिसातल्या डॉक्टर मॅडमले लिहिलो होतो. सात पोरांचं बी लिहिलो, अन् तुम्ही येईपर्यंत मशीन ढोलीत ठेवून राहिलो, हे बी. कंप्युटरवर. खासगी करून.”

मला वाटत होतं कंप्युटरवरचं पत्र म्हणजे फोनसारखं, इकडून निघालं की थेट तिकडे. तिनं मला केंद्रात नेऊन दाखवलं. संस्थेनं प्रत्येक केंद्रावर एक कंप्युटर, एक मोडेम आणि टेलिफोनची लाइन दिली होती. त्यावर एक बुलेटिन बोर्ड चालायचा, म्हणजे कंप्युटरमधला सूचनाफलक. फलकाचे दोन भाग. एक सगळ्यांचा, तिथे लिहिलेलं प्रत्येक केंद्रावर पोचायचं. दुसरा एकाचा एकाला, त्यावर ‘खासगी’ अशी खूण. प्रत्येक केंद्राला घर क्रमांकासारखा आकडा. पत्र लिहिलं, आकडा टाकला, की ते तिच्या कंप्युटरमध्ये पडून राहायचं. सकाळी ठरलेल्या वेळी मोडेम किरकिरत फोन लावायचा आणि सगळी पत्रं एका गठ्ठ्यात जायची.

“नागपूरला?”

“नाई. इथून नागपूरची लाइन कुठं लागते? गोंदियाले. गोंदियावाला गठ्ठा खोलते, नागपूरची पत्रं वेगळी करते, अन् मंग नागपूरले फोन लावते.”

“म्हणजे तुझं पत्र गोंदियाच्या ऑफिसात उतरतं?”

“उतरते. पण खासगी लिहून राह्यते ना त्याच्यावर.”

मला तिच्या भोळेपणाचा राग आला. नंतर कळलं की राग यायचा तो वेगळ्याच लोकांचा. प्रशिक्षणात तिला हाच शब्द देऊन बसवलं होतं: खासगी करा, मग फक्त ज्याला लिहिलं तोच वाचेल. शिकवायला आलेल्या इंजिनीअरनं छाती ठोकून सांगितलं तर तिनं का मानू नये? आपण बँकेत, दवाखान्यात, ठाण्यात रोज मानतोच की.

मी गोंदियाला गेलो. जिल्हा कार्यालयातला कंप्युटर सांभाळणारा माणूस चाळिशीचा, हिंदी बोलणारा, स्वभावानं गरीब. प्रकल्प अधिकारी त्या दिवशी सडक अर्जुनीच्या दौऱ्यावर होता. मी विचारलं, “खासगी पत्रं तुला दिसतात?”

“दिखेंगे नहीं तो क्या साहब? केंद्रवाले एक-दूसरे का नहीं देख सकते. पर ये मशीन मेरी है. प्राइवेट तो बस एक निशान है. जैसे लिफाफे पे लिख दिया प्राइवेट, और लिफाफा चिपकाया ही नहीं.”

“तू वाचतोस?”

“मैं काहे को पढूँ? मैं तो बस निकाल के फाइल में लगाता हूँ.”

“निकाल के म्हणजे?”

त्यानं कपाटातून एक जाड फाइल काढून टेबलावर ठेवली. वर लिहिलं होतं ‘जावक’. एकदा वीज गेली तेव्हा आठवड्याची पत्रं उडाली होती. तेव्हापासून अधिकाऱ्याचा हुकूम होता: इथून जाणाऱ्या प्रत्येक पत्राची छापील प्रत काढायची, क्रमांक घालायचा, फाइल साहेबांच्या टेबलावर ठेवायची. साहेब रोज प्रत्येक पानावर ‘पाहिले’ लिहून सही करणार. मगच पत्र पुढे. आपल्या कचेऱ्यांची सवय बघा. जगातली नवी यंत्रणा आणली आणि तिच्या गळ्यात जावक नोंदवही बांधली.

मी एक एक पान उलटत गेलो. कोणाच्या गर्भपाताबद्दल, कोणाच्या नवऱ्याच्या दारूबद्दल, कोणत्या मुलीच्या रक्ताबद्दल. डोक्यावर ‘खासगी’, खाली ‘पाहिले’. प्रत्येक पत्राच्या शेवटी कंप्युटरनं आपोआप घातलेल्या ओळी होत्या: कोणत्या केंद्रावरून किती वाजता गेलं. टपालावरच्या शिक्क्यांसारख्या.

तिचं पत्र सापडलं. सात पोरांची नावं, शिबिरातली लबाडी, ‘मशीन ढोलीत धानाखाली पोत्यात ठेवले आहे’ हे वाक्य. सगळं. त्यावरही ‘पाहिले’, त्याच पेनानं, त्याच वळणाची सही, आमच्याकडे फिर्याद द्यायच्या दोन दिवस आधीची तारीख. स्वतःविरुद्धच्या तक्रारीवर त्या माणसानं सवयीनं सही ठोकली होती. आणि समासात एक शब्द: ‘थांबवा’.

“हे नागपूरला गेलं?”

तो माणूस खाली बघत म्हणाला, “साहब ने बोला रोक दो, तो रोक दिया. मेरी भी नौकरी है ना साहब.”

पंचांसमक्ष फाइल जप्त केली. अधिकारी संध्याकाळी आला. मी सही दाखवली. त्याचा चेहरा पडेल असं मला वाटलं होतं. तो खुर्ची ओढून आरामात बसला.

“सही माझीच. कंप्युटर संस्थेचा, लाइन संस्थेची, कर्मचारी संस्थेची. माझ्या ऑफिसातून जाणारा कागद मी वाचला, यात गुन्हा कोणता?”

“ठाण्यात फोन कोणी केला?”

“मला काय माहीत? चोरीचा माल मिळाला ना तुम्हाला? आभार माना.”

मी सरकारी वकिलांकडे गेलो. त्यांनी चष्मा काढून सांगितलं, “पाकीट फोडलं असतं तर टपालाचा कायदा लावला असता. तारेला कान लावला असता तर तारेचा. हे पाकीट नाही, आणि तारेवरून उतरून त्याच्याच टेबलावर आलेलं. कुठे बसवू?” मग खोटी फिर्याद दिल्याबद्दल तरी कारवाई करा, असा प्रस्ताव मी वरिष्ठांकडे पाठवला. तो वर गेला. माझ्या माहितीप्रमाणे अजून वरच आहे.

चोरीच्या गुन्ह्यात फिर्याद खोटी असल्याचा अहवाल मी न्यायालयात दिला, तो मंजूर झाला. बाई सुटली. हे यश म्हणून सांगायला मला लाज वाटते.

त्यानंतर ते अडवलेलं पत्र नागपूरला पोचलं. तिथल्या डॉक्टर बाईंनी संस्थेची चौकशी लावली आणि मला निरोप दिला की तिचा गोपनीय जबाब घेऊन पाठवा. मी कागद घेऊन तिच्या ओसरीवर बसलो.

“हे कोण कोण वाचणार?” तिनं विचारलं.

मी खरं सांगायचं ठरवलं. “मी वाचणार. लेखनिक नक्कल काढणार. ठाण्याच्या जावकेत नोंद होणार. उपअधीक्षकांच्या कचेरीत त्यांचा कारकून उघडणार. मग ते नागपूरला.”

“अन् वर काय लिहिणार?”

“गोपनीय.”

ती हसली नाही, रागावलीही नाही. माझा कागद माझ्याकडे सरकवून म्हणाली, “मंग तुमच्यात अन् त्याच्यात फरक काय जी? राहू द्या. मी ग्रामसभेत सांगतो.”

आणि तिनं सांगितलं. शाळेच्या पटांगणात, माइक न घेता. शिबिरात काय झालं, मायक्रोस्कोप का नेला, पत्र कोणी अडवलं. मी मागे उभा होतो. एक बाई उठून म्हणाली, “माह्या पोराचं सांग ना वो. त्या सातात आहे का तो?”

“इथं नाई सांगत. घरी येऊन सांगतो.”

“आता का लपवतेस? सगळं तं सांगून राहिली.”

“त्यानं केलं ते सगळ्यांचं आहे, ते सांगितलो. पोराचं रक्त पोराचं आहे.”

मी वीस पत्रकं लिहिली असतील या विषयावर, पण या दोन वाक्यांच्या पुढे मला जाता आलेलं नाही. सत्तेवर बसलेल्यानं काय केलं ते चव्हाट्यावर यायला हवं आणि साध्या माणसाचं दुखणं त्याच्या घरात राहायला हवं. आपण बरोबर उलटं चालवलं आहे. गरिबाचं पत्र ज्याच्या हातातून जातं तो ते आपलंच समजतो आणि स्वतःच्या फाइलीवर मात्र गोपनीयचा शिक्का मारतो. आता सगळ्यांकडे मोबाइल आले, इंटरनेट आलं, ते किरकिरणारे मोडेम भंगारात गेले. पण अजूनही मी सभेत विचारतो: तुमचा निरोप मधे कोणत्या टेबलावर उतरतो, आणि त्या टेबलामागे कोण बसलं आहे? लोक म्हणतात, खासगी लिहिलेलं असतं ना. मला ती फाइल दिसते आणि डोकं तापतं.

न्यायालयानं मुद्देमाल परत द्यायचा हुकूम केला तेव्हा मी मायक्रोस्कोपची पेटी स्वतः घेऊन गेलो. ज्या गावासमोर नेली होती त्याच गावासमोरून परत नेली. त्या दिवशी ती घरोघर फिरत होती. सात घरं. पहिल्या दारापाशी मी तिला गाठलं आणि सवयीनं तिच्यामागे उंबऱ्याकडे निघालो. तिनं वळून पाहिलं.

“साहेब, तुम्ही बाहेर थांबा.”

फौजदाराला असं कोणी सांगत नाही. आतून त्या आईचा आवाज आला, आधी प्रश्नासारखा, मग नुसता बारीक. शब्द कळत नव्हते. चार पावलं पुढे गेलो असतो तर कळले असते. मी पेटी हातात धरून कुडाच्या बाहेर उभा राहिलो.