ट्रॉलीची हरवलेली पिन

ती घटना आठवली की आजही माझं जेवणावरून मन उडतं. नोकरीत दरोडे पाहिले, गंगेतून काढलेली प्रेतं पाहिली, पण ती माणसं आता मला आठवतही नाहीत. हे प्रकरण मात्र साध्या बागेतलं, एका छोट्या ट्रॅक्टरचं, आणि त्यात मी स्वतः चुकलो. संबंधितांपैकी कुणाचं नाव देत नाही. काही जण अजून हयात आहेत.

आमचं मराठी घराणं बनारसच्या रामघाटावरचं, चार पिढ्या काशीतलं. वडील वेदपाठशाळेत शिकवायचे. मी पोलिसात गेलो म्हणून ते वर्षभर माझ्याशी धड बोलले नव्हते. त्या वेळी मी शहराबाहेरच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. नवरात्र चालू होतं, अर्धं ठाणं दुर्गापूजेच्या मंडपांवर बंदोबस्ताला गेलेलं आणि उरलेलं अर्धं जांभया देत बसलेलं.

नवमीच्या सकाळी वर्दी आली की नदीकाठच्या बागेत ट्रॉलीखाली एक माणूस मेला. ती बाग एका मराठी न्यासाची. आंब्याची झाडं, गोशाळा, फुलांचे वाफे, आणि देखरेखीला एक विधवा बाई, आम्हा मराठी लोकांच्या काकू आणि वस्तीच्या माई. नवरा गेल्यावर न्यासाने त्यांनाच तिथे ठेवलं होतं. हाताखाली दोन माणसं, एक ट्रॅक्टरचालक आणि एक माळी. दोघंही बागेमागच्या वस्तीतले, घराला घर लागून.

मेला होता माळी. गोशाळेच्या भिंतीला पाठ टेकलेली, छातीवर दोन चाकी ट्रॉली, आणि ट्रॉलीत आंब्याचे ओंडके. वादळात पडलेलं झाड तोडून नदीवर आलेल्या नावेत घालायचं होतं, कारण मणिकर्णिकेवर चितेच्या लाकडाला कायम गिऱ्हाईक असतं. नदीकडे जायला आधी बांध चढावा लागतो. त्या चढावर ट्रॉली ट्रॅक्टरपासून सुटली आणि मागे घरंगळली. माळी मागून चालत होता.

पंचनामा करताना मी ट्रॅक्टरचा हुक पाहिला. ट्रॉलीचा दांडा हुकात घालून त्यात आरपार एक जाड लोखंडी पिन टाकतात. ती उडू नये म्हणून खाली क्लिप असते, आणि पिन दगा देईल तेव्हासाठी एक साखळीही असते. इथे पिन नव्हती, क्लिप नव्हती, साखळीही नव्हती. तुटून पडलेली असती तर तुकडे सापडले असते. आम्ही बांध पायाखाली घातला, काही मिळालं नाही.

दुपारी आमचा एक खबऱ्या चहाच्या टपरीवर भेटला. तो दबक्या आवाजात म्हणाला, "साहब, दोनों में चार दिन से बोलचाल बंद था. झगड़ा हुआ था. पिन उसी ने खींचा है, पूरा टोला-मोहल्ला कह रहा है."

भांडण खरंच झालं होतं. वळणावर ट्रॅक्टर पुढून नीट निघतो, पण मागच्या ट्रॉलीचं चाक कोपरा आतून कापतं. चालकाने वळण मोठं घेतलं नाही आणि माळ्याचा झेंडूचा अख्खा वाफा दसऱ्याच्या तोंडावर चिरडला. माळ्याने चारचौघांत त्याच्या आईबापांचा उद्धार केला होता. फुलांच्या वाफ्यावरून कुणी खून करतं का, असं वाचकांना वाटेल. मी त्याहून क्षुल्लक कारणांवरून झालेले पाहिले आहेत, आणि तिथेच माझी अक्कल मला नडली.

चालकाला ठाण्यात बसवला. चाळिशीचा, हडकुळा, हात ग्रीसने काळे.

"पिन कहाँ है?"

तो नखाने हातावरचं ग्रीस खरवडत राहिला.

"चेन कहाँ है?"

"गलती हमारी है, साहब. जो लिखना है लिख लीजिए."

"गलती नहीं पूछ रहा हूँ. पिन पूछ रहा हूँ."

त्याने खाली घातलेली मान वर केली नाही. तीन तास हेच. मी त्याला एक थप्पड मारली, ती इथे लपवत नाही. तो रडला नाही, चिडलाही नाही. निर्दोष माणूस आरडाओरडा करतो आणि गुन्हेगार गप्प बसतो, असं त्या काळी मला वाटायचं. ते साफ खोटं आहे.

संध्याकाळी माळ्याची बायको ठाण्याच्या पायरीवर बसली होती. मी बाहेर येऊन तिला सांगितलं, "ये हादसा नहीं है. उसने जान-बूझकर मारा है. मैं उसको छोड़ूँगा नहीं." तिला धीर द्यावा एवढाच माझा हेतू होता. ती त्या शब्दांनी ताठ झाली, डोळे पुसले आणि उठून गेली. खुनाचं कलम ३०२ लावलं आणि दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, चालक कोठडीत रवाना झाला.

काकूंना भेटलो नव्हतो असं नाही. पण कसा भेटलो ते सांगितलं पाहिजे. त्यांनी मला मराठीत "या, बसा," म्हटलं, गूळपाणी दिलं, माझ्या आईची चौकशी केली. घटना घडली तेव्हा कुठे होतात, एवढं विचारलं. "देवापुढे बसले होते," म्हणाल्या. मी वही मिटली. चालकाला तीन तास आणि काकूंना तीन मिनिटं, असा माझा तपास होता.

त्यानंतर विसर्जनाचा बंदोबस्त, रामलीलेतल्या भरतमिलापाची गर्दी. घरी जायला कोजागरीची दुपार उजाडली. आई फुरंगटून बसली होती.

"तुमचं ते ठाणं एखाद दिवस बंद तरी होतं का रे? खंडेनवमीला घरात पुरुषमाणूस नाही. मी एकटीने पूजा केली."

"काय ठेवलंस पूजेत?"

"माझी विळी, अडकित्ता, तुझ्या वडिलांची दौत. तुझं काय ठेवणार? कपाटात तुझी जुनी शिट्टी होती, ती ठेवली. आख्खा शिपाई थोडाच पाटावर मांडता येतो! त्याची एक वस्तू ठेवली की झालं. दसऱ्याला उचलली."

हातातला पेला मी तसाच खाली ठेवला. आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारं-अवजारं पूजेला लावतात आणि दसऱ्याची पूजा होईपर्यंत जागची हलवत नाहीत. इथल्या लोकांची अवजारांची पूजा विश्वकर्म्याच्या दिवशी, महिनाभर आधीच उरकलेली असते. वस्तीतल्या एकाही माणसाच्या हे डोक्यात येणं शक्य नव्हतं. माझ्या यायला हवं होतं. लहानपणापासून त्या पूजेची फुलं मीच आणत आलो होतो.

तडक बागेत गेलो. काकू ओसरीवर वाती वळत होत्या.

"काकू, ट्रॅक्टरची पिन कुठे आहे?"

त्यांचा हात थांबला. त्या आत गेल्या आणि देवघराच्या फळीखालून एक पितळी ताट घेऊन आल्या. ताटात पिन, क्लिप आणि साखळी. तिन्हींवर हळदकुंकू वाळून घट्ट बसलेलं.

"एवढा ट्रॅक्टर देवापुढे कसा आणायचा? म्हणून एवढंच ठेवलं होतं. त्या दिवशी ट्रॅक्टर हलवायचाच नव्हता. पण नाववाला एक दिवस आधी आला, आणि परत येणार नाही म्हणाला."

"मग पिन द्यायची होती."

"मांडलेल्या पूजेतून? यांच्या वेळेपासून कधी उचललं नाही हो. तो मागायला आला होता. मी म्हटलं, आजच्यापुरतं काहीतरी घाल आणि ने. यांच्या पेटीतला बोल्ट मीच काढून दिला." त्या खाली बसल्या. "मी रोज वाट बघत होते, तुम्ही विचाराल म्हणून. तुम्ही विचारलंच नाही."

मला त्यांचा राग आला, आणि त्यांना बोलण्याचं तोंड मला उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पोलीस लाइनचा मिस्त्री नेला. यांत्रिक तपासणी सुट्टीनंतर करू म्हणून मी ती टाळली होती. जप्त करून तशीच ठेवलेल्या ट्रॉलीतले ओंडके त्याने पाहिले आणि कपाळाला हात लावला. सगळं वजन ट्रॉलीच्या मागच्या टोकाला, अर्धे ओंडके बाहेर लोंबलेले.

"साहब, वजन आगे रखते हैं, कि डंडा नीचे दबा रहे. पीछे लादोगे तो डंडा ऊपर उठेगा. चढ़ाई पर और उठेगा. पिन में क्लिप हो तो रोक ले, चेन हो तो गाड़ी लटक जाए. अकेला बोल्ट क्या रोकेगा? फिर छोटा ट्रैक्टर, और ट्रॉली में ब्रेक नहीं. उसके पीछे आदमी चलाया किसने?"

बोल्ट गोशाळेच्या गटारात शेणाखाली सापडला. ट्रॉलीच्या दांड्याचा घासलेला व्रण त्यावर स्पष्ट होता.

तुरुंगात जाऊन मी चालकाला विचारलं, "बोला क्यों नहीं?"

"हमारी औरत का जब बच्चा अटक गया था, माई रात भर उसका सिर गोद में लेके बैठी थीं. उनका नाम थाने में कैसे लेते? और साहब, लादा तो हमने ही था. उसको पीछे ईंट लेके चलने को भी हमने ही कहा था, कि रुके तो चक्के में लगा देना. चार दिन बाद पहली बार उसी बात पर तो बोले थे हम दोनों."

३०२ काढून हलगर्जीपणाने मृत्यूचं ३०४-अ लावलं. अटकेनंतर बारा दिवसांनी तो जामिनावर सुटला. काकूंचा जबाब मी साक्षीदार म्हणून घेतला. त्यांना आरोपी करायला हवं होतं की नाही, यावर कायद्याच्या माणसांनी वाद घालावा. मी तो प्रश्न वरिष्ठांपुढे मांडलाच नाही, कारण त्या मला आपल्या वाटत होत्या. थप्पड परक्या माणसाला पडली होती.

मग मी माळ्याच्या घरी गेलो. पिन आणि बोल्ट दोन्ही कागदात गुंडाळून नेले. त्याच्या बायकोपुढे ठेवून सगळं समजावलं. तिने दोन्हींकडे पाहिलंदेखील नाही.

"उस दिन आप बोले कि मारा है. आज आप बोलते हैं, नहीं मारा. उस दिन आपको कुछ नहीं मिला था, साहब?"

मी म्हणालो, "उस दिन मैं गलत था."

"पुलिस गलत नहीं होती. पुलिस को समझा दिया जाता है."

वस्तीने तिचीच बाजू धरली. चालकाच्या घरचा हातपंप तोडला, त्याच्या बायकोला विहिरीवर कुणी उभं करेना. होळीच्या आधी ते कुटुंब एका सकाळी सामान बांधून निघून गेलं. कुठे, ते मलाही कळलं नाही. समन्सही परत आलं.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं तरुण अधिकारी विचारतात. मी सांगतो, तपास पुरा होईपर्यंत मेलेल्याच्या घरी "चौकशी चालू आहे" यापलीकडे एक अक्षर बोलू नका. कलम बदलता येतं, दुःखात दिलेला शब्द बदलता येत नाही. ते ऐकतात, मान डोलावतात. पुढचं मी त्यांना सांगत नाही.

बदली झाल्यावर निघण्यापूर्वी मी पुन्हा एकदा त्या वस्तीत गेलो होतो. माळ्याची बायको दारात धान्य पाखडत होती. शेजारच्या घराला कुलूप, छपराचा एक कोपरा बसलेला. मी म्हणालो, "वो आदमी बेकसूर था. इतना तो मान लो."

तिने सूप थांबवलं आणि त्या कुलपाकडे बोट दाखवलं.

"बेकसूर था तो भागा काहे, साहब?"

याचं उत्तर दोन शब्दांचं होतं, मेरे कारण. मी जीपमध्ये बसलो आणि ड्रायव्हरला चल म्हणालो.