दोन पात्यांचा चिमटा

एकोणसाठ साली आमच्याकडे दारूबंदी आली आणि आलापल्लीच्या पुढे जंगलात असलेल्या एका सरकारी बंगल्यातलं पिण्याचं सगळं सामान चांद्याला जमा करायचा हुकूम निघाला. मी जंगलखात्यात कारकून. पिणारे पिऊन गेले आणि निस्तरायला मला धाडलं. सरकारी नोकरीत नवल ते काय!

तिथला खानसामा गुलाम रसूल साठीला टेकलेला, पाच वेळचा नमाजी. तीस वर्षं साहेबांच्या बाटल्या उघडल्या, पण थेंब कधी जिभेला लावला नाही. बायको शमसुन्निसा मागच्या पावसाळ्यात तापानं गेली, तेव्हापासून मात्र माणूस पार थिजला होता. विचारलं तेवढंच बोलायचा, वाढलं तेवढंच खायचा. आईच्या आजारपणात सासरहून आलेली लेक जमीला म्हणूनच अजून परत गेली नव्हती.

त्यानं खण ओढला आणि एकेक वस्तू टेबलावर मांडत, हजेरी घेतल्यासारखं सांगू लागला.

"हा लाकडी मुठीचा स्क्रू, बूच काढाचा. मागं ब्रश हाय, बाटलीच्या गळ्यावरची धूळ झाडाले. हा पितळी. वरची मूठ फिरवत राह्यलं का बूच आपोआप वर येते. हा दोन हातवाला. स्क्रू आत गेला का हात वर करते, मंग ते दाबा."

"पोलिसानं पकडल्यासारखा," मी म्हणालो. तो हसला नाही.

मग सोड्याच्या, बिअरच्या बाटल्यांचे ओपनर निघाले. एक माशाच्या आकाराचा, एक किल्लीसारखा. शेवटी त्यानं फडक्यात गुंडाळलेला एक स्क्रू सोडला. बाईचे दोन पाय, पट्ट्यापट्ट्यांचे मोजे घातलेले. ते फाकवले की मधून स्क्रू बाहेर यायचा.

"मेमसाहेब असल्या का हा मी काढतच नव्हतो. तौबा."

खणात आता एकच वस्तू उरली होती. तिला स्क्रूच नव्हता. चिमट्यासारखी दोन पातळ पाती, एक लांब, एक आखूड.

"आणि हे?"

"पाती बुचाच्या दोन बाजूनं आत सरकवाची अन् फिरवत फिरवत ओढाचं. बूच साबूत निघते, भोक नाई पडत. परत जसंच्या तसं बसवता येते."

"म्हणजे साहेबाची दारू चोरून प्यायची सोय!"

माझ्या जिभेला हाड नाही, हे आई नेहमी म्हणायची.

"हो," गुलाम रसूल त्याच सपाट आवाजात म्हणाला. "मी केली चोरी."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पण तो सांगतच राहिला. मागच्या पावसाळ्यात नाल्यांना पूर आला, वाट बंद झाली. डॉक्टर पलीकडे राहिला. शमसुन्निसाचे हातपाय गार पडत चालले. कोण्या कंपाउंडरनं कधी सांगितलेलं त्याला आठवलं, की अशा वेळी चमचाभर ब्रँडी द्यावी. कपाटात साहेबांची कोरी बाटली होती. बुचावरची धातूची पत्री त्यानं अलगद उतरवली, या पात्यांनी बूच काढलं, तीन चमचे वाटीत घेतले आणि तेवढाच कोरा चहा बाटलीत ओतून सगळं होतं तसं बसवलं.

"साहेबांना कळलं नाही?"

"पेले अन् म्हणाले, वा, काय मुरली आहे!"

एरवी मी पोट धरून हसलो असतो.

"तिले म्हटलं, हकीमाचा काढा हाय. पेली. सकाळी गेली." तो टेबलाकडेच बघत होता. "बंगल्यातून आलो का हात धुतल्याबिगर मले घागरीले हात लावू देत नव्हती, बाबूजी. मरताना तिच्या तोंडात मी दारू घातली, अन् खोटं बोलून घातली. तिले मालूम नव्हतं, म्हणून अल्ला तिले माफ करन. मले नाई करणार. मले तर रडू बी येत नाई."

जमीला चहा घेऊन दारात उभी होती. ती कधी आली, आम्हाला कळलं नव्हतं. तिनं कप खाली ठेवले.

"अब्बा, अम्मीले मालूम होतं."

त्यानं मान वर केली.

"तुम्ही वाटी धुवाले गेले तवा मले म्हणाली, हा काढा नाई, वासानं समजलं. पण जन्मात ज्यानं चोरी केली नाई त्यानं माझ्यासाठी केली, त्याले नाई कशी म्हणू? सांगू नको म्हणाली. म्हणून वर्षभर सांगितलं नाई."

मग त्यानं विचारलं, "कडू लागलं का तिले?"

"लई."

"कडू लागलं," तो म्हणाला. "मालूम होतं, अन् तरी पेली." आणि तो म्हातारा लेकीचा हात धरून लहान पोरासारखा रडायला लागला.