गुडघा कुणाचा

त्या गोऱ्याचा मला अजून राग आहे, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

इथे गल्फात, तुबलीच्या एका गॅरेजात मी ब्रेक आणि क्लचची कामं करतो. शिक्षण चौथीपर्यंत. गॅरेजच्या मागे मोकळी जागा आहे, तिथे शुक्रवारी आमच्या राजापूरकडच्या गावांची पोरं कबड्डी खेळतात. गोरा गाडी न्यायला आला तो अशाच शुक्रवारी. आरडाओरडा ऐकून मागे गेला आणि अंधार पडेपर्यंत हलला नाही. मग दर शुक्रवारी यायला लागला.

माणूस ऑस्ट्रेलियाचा. तिकडे लांबट चेंडूचा फुटबॉल खेळायचा. त्यात धावत्या गड्याला मिठी मारून आडवा करतात म्हणे. गुडघा गेला, खेळ सुटला, आता दुसऱ्या खेळाडूंना संघ शोधून देतो. एजंट. एजंट म्हणजे काय, ते गल्फात जन्म घालवलेल्याला शिकवावं लागत नाही.

माझा मुलगा इथेच, हिद्दला वेल्डर. त्याची चढाई बघून गोऱ्याने त्याची सही घेतली. इंडियातल्या मोठ्या संघाची ट्रायल ठरली. तोवर ठीक होतं, पेढे मीच वाटले. पण ट्रायलच्या आधीच्या शुक्रवारी आमची फायनल होती, तीही शेजारच्या गावाशी, ज्यांच्याशी आमचं आजोबांपासून पटत नाही.

आदल्या दिवशी दोघं गॅरेजात आले.

"चाचा, ये फायनल नहीं खेलेगा," गोरा गल्फात शिकलेल्या हिंदीत म्हणाला. "घुटना बचाना है."

"घुटना किसका है?"

"अभी मेरी जिम्मेदारी."

मी पाना खाली ठेवला. "घुटना इसकी माँ ने दिया है. तू कौन?"

मुलगा मध्ये पडला. "बाबा, त्याचा गुडघा असाच गेला. मोठ्या क्लबची सही झालेली, तरी गावच्या मॅचला उतरला. नंतर कुत्रं विचारेना."

"मग तो भ्याला. तू कशाला भितोस?"

"मला वेल्डिंग करत म्हातारं व्हायचं नाही."

ब्रेक करत म्हातारा झालेल्या बापाला हे ऐकवत होता.

खेळाआधी आमच्यात गाऱ्हाणं असतं. वडीलधाऱ्याने नारळ हातात धरून देवाला मागणं घालायचं, आणि प्रत्येक मागण्याला भोवतीच्यांनी 'होय महाराजा' म्हणायचं. तो मान माझा. शुक्रवारी पोरं गोल करून उभी राहिली. मुलगा फुल पँट घालून आलेला. शेजारी गोरा.

"बा देवा महाराजा, तुझी लेकरं मैदानात उतरतायत, त्यांच्या पायात बळ दे रे महाराजा."

"होय महाराजा."

"आणि जो परक्याच्या हुकमाने बाहेर बसलाय, त्याला पुन्हा मधली रेष ओलांडता येऊ नये रे महाराजा."

कोणी बोलेना. कप्तान जमिनीकडे बघत होता, मुलगा माझ्याकडे. गोऱ्याला मराठी कळत नाही, त्याला वाटलं, पोरं विसरली. इतके शुक्रवार ऐकून त्याला पाठ झालेलं. छाती भरून एकटाच ओरडला, "होय महाराजा!"

आधी कप्तान फुटला, मग सगळेच. मुलगासुद्धा हसला.

मला हसू आलं नाही. देवापुढे वाक्य गेलं होतं आणि त्याला होकारही पडला होता. पोटच्या पोराचं वाटोळं तसंच ठेवून नारळ फोडायचा? त्या येड्यापायी मला सर्वांसमोर दात आवळून म्हणावं लागलं, "मागचं बोलणं धरू नको. त्याचे गुडघे शाबूत ठेव रे महाराजा."

याला मात्र पोरांनी शेजारच्या गॅरेजात ऐकू जाईल असं 'होय' म्हटलं.

फायनल आम्ही हरलो. मुलाची निवड झाली. फोनवर म्हणतो, बाबा, गोऱ्याला पेढे द्या. मी दिले नाहीत. शुक्रवारी तो येतोच. गाऱ्हाण्याच्या वेळी मी त्याला गोलाबाहेर उभा करतो.

तिथूनही ओरडतो.