ढवळणाऱ्या बाई

बाईंना इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारला की त्या उठून स्वयंपाकघरात जायच्या. परत येताना हातात पाण्याचा ग्लास, ताकाची रवी, एकदा तर कोंबडीच्या पिसांचा फुललेला झटकणा. अर्थ सांगण्यापेक्षा दाखवावा, असं त्यांचं म्हणणं. त्यातही हलवणे, ढवळणे, घुसळणे, बिथरवणे या जातीची इंग्रजी क्रियापदं त्यांची फार लाडकी. त्यांच्या टेबलावर सारखा कुठल्या ना कुठल्या ग्लासात चमचा फिरत असायचा, म्हणून आम्ही त्यांना आपसात ‘ढवळणाऱ्या बाई’ म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा चहा देताना म्हणाल्या, “घ्या, ढवळणाऱ्या बाईंनी ढवळलेला.”

क्लास कामशेतच्या बाजारात, तांदळाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, आणि आम्ही विद्यार्थी सगळे पोटापाण्याला लागलेले. एक जण पवनेकडचं फार्महाऊस सांभाळणारा, एक चिक्कीच्या दुकानातला, एक पार्लर चालवणारी ताई, आणि मी. मी तुंगार्लीत एका बंगल्याचं हॉटेल केलंय तिथं काउंटरवर बसतो. राहायला बेगडेवाडीकडे. ड्युटी संपली की परतीच्या लोकलमधून कामशेतला उतरायचं आणि इंग्रजी शिकून घरी जायचं.

मला तिथं मालकांनी पाठवलं होतं. झालं असं, की एका परदेशी पाहुण्याला पहाटे लोहगडाला जायचं होतं. त्याला हलवून उठवायची जबाबदारी माझी. मी मोबाइलमध्ये ‘हलवणे’ टाकून शब्द शोधला आणि चारचौघांत छाती काढून म्हणालो, “डोन्ट वरी सर, ॲट फाइव्ह ओक्लॉक आय विल अजिटेट यू.” पाहुण्याची बायको खुर्चीला धरून हसली. पाहुण्यानं मात्र रात्री दाराला आतून खुर्ची लावली, असं रूमबॉयनं मला सांगितलं. मालक म्हणाले, “संपत, एकतर इंग्रजी शीक, नाहीतर काउंटर सोडून भाजी आणायला जा.”

हा किस्सा मी बाईंना पहिल्याच दिवशी सांगितला. त्या हसल्या नाहीत. आत गेल्या आणि साखरेच्या पाण्याचा ग्लास घेऊन आल्या. चमचा हळू फिरवला. “हे स्टर. झोपेत माणूस जरासा हलला, तरी स्टर. मनात आतल्या आत काही हललं, तरी स्टरच.” मग टेबलाला बोटानं धक्का दिला, स्थिर पाण्यावर तरंग उठले. “हे डिस्टर्ब. शांत होतं, ते मोडलं.” मग ते पाणी बाटलीत ओतून बाटली अशी काही हलवली की फेस आला. “आणि हे अजिटेट. हे तू त्या पाहुण्याचं करणार होतास.”

मी उत्साहानं विचारलं, “आणि अपसेट, बाई?” विचारताना माझं कोपर लागलं आणि दुसरा भरलेला ग्लास माझ्याच पँटवर उलटला. “हे,” बाई म्हणाल्या. “आता ग्लासही अपसेट आणि तूही.” त्या संध्याकाळी मी ओल्या पँटनं लोकलमध्ये उभा राहिलो, तेव्हा लोक माझ्यापासून जरा लांबच सरकत होते.

आतल्या खोलीत बाईंचे यजमान असायचे. रेल्वेत स्टेशनमास्तर होते, म्हणून बाईही त्यांना मास्तरच म्हणायच्या. झटका येऊन त्यांचं अर्धं अंग गेलं होतं. वाचा थोडी उरली होती, पण ते बोलायचेच नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. सुरुवातीला आम्ही सगळे कुजबुजत बोलायचो. पार्लरवाल्या ताई एकदा म्हणाल्या, “बाई, मास्तरांना डिस्टर्ब होत असेल.”

“होऊ दे की,” बाई म्हणाल्या. “इतक्या दिवसांत त्यांना कोणी डिस्टर्ब केलेलंच नाही. डॉक्टर येतात तेसुद्धा चवड्यांवर चालतात.”

मग एकदा बाईंनी सांगितलं, नवे शब्द वापरून घरातली सकाळ सांगा. माझी पाळी आली. मी उभा राहिलो आणि खणखणीत आवाजात म्हणालो, “एव्हरी मॉर्निंग माय वाइफ अजिटेट्स द बफेलो. द बफेलो गेट्स अपसेट. देन आय स्टर द बफेलो, अँड शी गिव्ह्ज टी.”

म्हणजे माझी बायको रोज म्हशीला घुसळते, म्हैस उलटते, मग मी तिला चमच्यानं ढवळतो आणि ती मला चहा देते. मला सांगायचं होतं ते वेगळं होतं, पण ते आता जाऊ द्या.

कोणी हसायच्या आत आतून एक घरघर ऐकू आली. आम्हाला वाटलं, मास्तरांना ठसका लागला. बाई धावल्या. बऱ्याच वेळानं दारात आल्या तेव्हा त्यांनी चष्मा काढून हातात धरला होता. “मास्तर हसले,” त्या म्हणाल्या. मग आमच्याकडे न बघता पुन्हा म्हणाल्या, “हसले रे.”

त्यानंतर मास्तर क्लासची वाट बघायला लागले. जिन्यात पावलं वाजली की आतून एकच शब्द यायचा, “म्हैस?” आणि बाई सांगायच्या, “हो, आली.” कितीतरी दिवसांनी त्यांच्या तोंडून निघालेला तो पहिला स्पष्ट शब्द, आणि तो मला उद्देशून होता. मी ही गोष्ट घरी अभिमानानं सांगितली. बायको म्हणाली, “बरुबर हाय की त्यांचं.”

बाईंनी माझी खुर्ची आतल्या दाराशी हलवली. मी तर स्वतःला डॉक्टरच समजायला लागलो. लोकलमध्ये बसून मास्तरांसाठी नवनव्या चुका रचायचो आणि क्लासमध्ये ऐटीत फेकायचो. आतून हूं की चूं नाही. तिसऱ्या चुकीला बाईंनी मला थांबवलं. “संपत, नाटक करू नकोस. नीट बोलायचा प्रयत्न कर. तुझं तेवढंच पुरतं.”

पण नीट बोलायच्या प्रयत्नाचा व्हायचा तो परिणाम व्हायला लागला. माझं इंग्रजी सुधारलं. पाहुणे मला एकदाच विचारून समाधानानं जायला लागले, मालक भाजीचं नाव काढेनात. आणि आतलं हसू कमी होत गेलं. एक दिवस मी सलग बरोबर बोललो, आणि आत सगळं शांत. बाई तरीही माझं एक ‘द’ राहिलेलं काढून दाखवत होत्या. मला राहवलं नाही.

“बाई, ऱ्हाऊ द्या की आता. चुकलं तर मास्तर हसत्यात. मला न्हाई शिकायचं लय.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “मास्तर हसावेत म्हणून तुला अडाणी ठेवू? त्यांना कळलं तर उठून ओरडतील माझ्यावर.” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “ओरडले तर बरंच आहे म्हणा. पण नाही. ‘द’ लाव.”

मी ‘द’ लावलं. एवढं जड ‘द’ मी आयुष्यात उचललं नव्हतं.

थंडीत मास्तर गेले. आम्ही सगळे अंत्यविधीला होतो. नंतर क्लास बंद पडला. फोनवर आमचं एकमेकांत ठरलं, की इतक्यात बाईंना त्रास नको द्यायला. ऐकायला फार समजूतदार वाटायचं ते. खरं म्हणजे त्या घरात जाऊन काय बोलायचं, ते कुठल्याच भाषेत आम्हाला सुचत नव्हतं. पुष्कळ दिवस मी कामशेतला खिडकीतून बाजाराकडे बघायचो आणि लोकलबरोबर पुढे जायचो.

शेवटी एकदा उतरलो. जिना चढताना पावलं हळू टाकली, मग लाज वाटून जोरात टाकली. दार उघडंच होतं. आतल्या खोलीतली कॉट हलवलेली होती आणि बाई रिकाम्या जागेकडे तोंड करून बसल्या होत्या. वाटेत जुळवलेलं सगळं विसरलो.

“बाई, डिस्टर्ब केलं का?”

“केलंस,” बाई म्हणाल्या. “बस. बाकीच्यांना का नाही आणलंस?”

पुढच्या आठवड्यात सगळे आले. क्लास आता आतल्या खोलीत भरायला लागला, जागा जास्त होती म्हणून. पावसाळ्यापर्यंत चालला. मग बाईंची नाशिकची मुलगी त्यांना न्यायला आली. बाईंचे गुडघे त्या जिन्याला थकले होते.

निघायच्या दिवशी आम्ही सामान गाडीत चढवलं. बाईंनी काच खाली केली. मी वाकून म्हणालो, “वी विल मिस यू, बाई. प्लीज टेक केअर ऑफ युवरसेल्फ.” त्यांनी सवयीनं तोंड उघडलं, वाक्य मनात एकदा तपासलं, आणि तोंड मिटलं. दुरुस्त करायला काही नव्हतं. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि काच वर केली.

गाडी जुन्या हायवेला लागली तरी मी रस्त्यातच उभा. मागून दुकानातला हमाल ओरडला, “ओ भाऊ, बाजूला व्हा की, टेंपो लावायचाय हितं!”

मी त्याला हात करून ‘होतो’ म्हणालो. पण लगेच काही हलता आलं नाही.