झुंबरबाईंचा डावा कान

वालूरच्या झुंबरबाईंचा डावा कान लहानपणापासून वाहायचा. आईनं त्यात लसूण घालून कढवलेलं तेल ओतलं, सासूनं कसला कसला पाला पिळला. कान थोडे दिवस गप्प बसायचा आणि सर्दी झाली की पुन्हा सुरू. नवरा चंद्रभान आणि त्या मिळून पिठाची गिरणी चालवत.

कानातून घाण वास यायला लागला, तेव्हा मात्र चंद्रभान त्यांना परभणीला घेऊन गेला. कानाच्या डॉक्टर राजेश्रीबाईंनी नळीनं कान साफ केला, आत बारीक दुर्बीण घातली आणि कानाचा पडदा टीव्हीवर दाखवला. पडद्याला मधोमध भोक. झुंबरबाई टक लावून बघत राहिल्या.

"हे माज्याच कानातलं हाय?"

"तुमच्याच, मावशी. आधी औषधाचे थेंब घालून कान कोरडा करू. तेल बंद, कानात पाणी जाऊ द्यायचं नाही."

"भोक आपूआप बुजंल का?"

"इतकं जुनं सहसा बुजत नाही. ऑपरेशन करून नवा पडदा लावता येतो. ते नको असेल तर कान जपायचा, ऐकायला मशीन लावायची. पण पाणी गेलं की पुन्हा वाहील."

"नवा पडदा आणायचा कुठून?"

"तुमच्याच कानाच्या वरून. तिथल्या स्नायूवर पातळ पापुद्रा असतो, त्याचा तुकडा."

झुंबरबाईंनी ती जागा चाचपली. "मग तिथं काय ऱ्हातंय?"

डॉक्टरांना हसू आलं. "तिथलं काही अडत नाही."

"ऐकू येईल का?" चंद्रभाननं विचारलं.

"बरंचसं. पूर्ण येईलच, असं सांगत नाही."

दिवाळीनंतर ऑपरेशन झालं. नाक जोरात शिंकरायचं नाही, असं बजावलेलं. पिठानं शिंका येतात म्हणून बाई कितीतरी दिवस गिरणीकडं फिरकल्या नाहीत. पट्टीखाली काय चाललंय, हे बघायची मात्र लय ओढ.

भोक बुजलं. ऐकू येणं वाढलं, पण उजव्याइतकं नाही. आजवर हाक आली की ती कुठल्या बाजूची, हे त्यांना कळतच नसे. आता कळतंय की काय, अशी शंका आली. गिरणी बंद असताना त्यांनी डोळे मिटले.

"तुमी बोलत फिरा. मी बोट दाखविते."

चंद्रभान कोपऱ्याकोपऱ्यातून हाका मारत फिरला. एकदा चुकलं, बाकी बरोबर. तेवढ्यात शेजारच्या सुमनबाई डबा घेऊन आल्या.

"माजं दळण कवा व्हायचं?"

"सुमनबाई, दाराच्या डावीकडं," झुंबरबाई मिटल्या डोळ्यांनी बोट दाखवून म्हणाल्या.