बॅटरीखालचा पत्रा

नवऱ्याचं घर सोडून मी बोरी अरबला बाबांकडे परत आले, त्याला आता बरीच वर्षं झाली. बाबांकडे एक जुनी जीप होती. ती चालवायला त्यांनीच मला शिकवलं. पण गाडीचा कारभार भावाकडे. तो यवतमाळला राहायचा, आठ-पंधरा दिवसांनी येऊन दिवसभर गाडी घेऊन जायचा.

एकदा बॉनेट उघडलं तर बॅटरीच्या टोकांवर हिरवट-पांढरा थर साचलेला दिसला. मी भावाला म्हटलं, "दादा, अ‍ॅसिड बाहेर येऊन राह्यलं. मिस्त्रीले दाखव ना."

"तुले काय समजते त्याच्यातलं?" म्हणत त्यानं नळाखाली तांब्या धरला आणि बॅटरी काठोकाठ भरली.

दोनेक महिन्यांनी भर दुपारी बाबा जेवता जेवता कलंडले. तोंड वाकडं झालं, डावा हात लोंबू लागला. शेजाऱ्यांनी त्यांना उचलून जीपमध्ये ठेवलं. मी चावी फिरवली. नुसती टक्. पुन्हा टक्. चौघांनी ढकलली, तरी नाही. दारव्ह्याला न्यायला ऑटो मिळेपर्यंत तासभर गेला. डॉक्टर म्हणाले, लवकर आणायला हवं होतं. बाबा वाचले, पण डावा हात गेला तो गेलाच.

भाऊ दवाखान्यात आला. "जुनी गाडी, असंच होनार," एवढंच म्हणाला.

बाबा घरी आल्यावर मी गावातल्या मिस्त्रीचाचांना बोलावलं. त्यांनी वाकून पाहिलं. "बेटा, नळाचं पाणी कोनं टाकलं? तेबी इतकं? उतू जाऊन खालचा पत्रा खाल्ला पाहा त्यानं."

कोणी टाकलं ते मी सांगितलं नाही. ते सांगत गेले, मी करत गेले. आधी निगेटिव्हची वायर काढली, मग दुसरी. कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून ओतला, तसा फसफसून फेस आला. पत्रा बोटानं दाबला तर बिस्किटासारखा मोडला. चाचांनी नवा पत्रा वेल्डिंग करून दिला. चेसिसवरचा गंज मी तारेच्या ब्रशनं घासला, प्राइमर मारला, वर काळा रंग दिला. कुजलेली वायर बदलली. बॅटरीखाली रबराचा तुकडा घातला आणि टोकं घट्ट आवळून त्यांवर ग्रीस लावलं. "आता डिस्टिल वाटरच टाकजो, अन् खुनेच्या वर नाही," चाचा म्हणाले. अ‍ॅसिडचे शिंतोडे उडालेल्या माझ्या ओढणीला धुतल्यावर चाळणीसारखी भोकं पडली.

पुढच्या रविवारी मामा बाबांना पाहायला आले. भाऊही आला होता. त्यानं चावी फिरवली, गाडी एका झटक्यात सुरू झाली. मामा म्हणाले, "वा! एकदम नवी केली की!" भाऊ हसला. नाही म्हणाला नाही.

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी खाटेवरून सगळं पाहिलं होतं, मला सोड्याचं पाणी गरम करताना, हात काळे करून बसलेली, सगळं. अडखळत, लाळ पुसत ते मामांना म्हणाले, "पोरानं... केलं. पोरगं लक्ष... ठेवते."

मी चहा ठेवायला आत गेले. कोणी हाक मारली नाही.

महिन्यातून एकदा बाबांना दारव्ह्याला तपासायला न्यावं लागतं. भावाला वेळ नसतो. गाडी मीच चालवते. बाबा मागच्या सीटवर बसतात. दवाखाना येईपर्यंत आम्ही एकमेकांशी बोलत नाही.